आधी ते गोणपाट चुलीत घाला

पत्र: मोती आमचा दोन वर्षांचा, गावठी, स्वभावाने गरीब. दिवसभर पडवीत एकटाच पडून असतो म्हणून त्याला जोडीदार आणायचं मनात आहे. मामेसासऱ्यांच्या वाडीतल्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत, नारळी पौर्णिमेला ती सहा आठवड्यांची झाली. गणपतीला दीर-जाऊ मुलांना घेऊन मुंबईहून येतात, मुलांना पिल्लाची हौस, तेव्हा चतुर्थीच्या आधीच आणावं असं वाटतं. कुत्रा आणावा की कुत्री? मोती त्याला मारेल का? दोघांना एका ताटात जेवायला घातलं तर चालेल का? सासूबाई मात्र नको म्हणतात. मे महिन्यात ओळखीच्यांकडून एक पिल्लू आणलं होतं, त्याला सहाव्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण लागली आणि आठव्या दिवशी ते गेलं. इंजेक्शन दिलं होतं, दहीभातही भरवला, पण उपयोग झाला नाही. या वास्तूला दुसरा कुत्रा लाभत नाही असं त्यांचं म्हणणं. राखणदाराला, म्हणजे जागेच्या रक्षक देवाला, नारळ ठेवून झाला आहे. बाकी तयारी आहे, त्या पिल्लाचं गोणपाट धुऊन ठेवलंय, सध्या मोती त्यावर झोपतो.
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर:

ताई, कुत्रा की कुत्री, मारेल का, एक ताट की दोन, हे सगळं राहू दे बाजूला. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य शेवटचं आहे, जे तुम्ही 'बाकी तयारी आहे' म्हणत सहज लिहून टाकलंत. ते गोणपाट. ही तयारी नव्हे ताई, हा नव्या पिल्लासाठी मांडून ठेवलेला सापळा आहे.

मेमधलं पिल्लू बहुधा पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या रोगाने गेलं. तपासणी झालेली नाही, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण लहान पिल्लू, उलट्या, रक्ताची हगवण आणि दोन दिवसांत सगळं संपलं, हे लक्षण त्याचंच. घर साफ करताना तरी पार्व्होच समजून चालायचं. (दहीभातावर दोन दिवस काढलेत, त्याबद्दल आता बोलून पिल्लू परत येणार नाही. पुढच्या वेळी उलटी आणि हगवण एकत्र दिसली की त्याच तासाला डॉक्टर आणि सलाईन. या रोगात पिल्लू मरतं ते मुख्यतः अंगातलं पाणी आटून आणि फाटलेल्या आतड्यांतून जंतू रक्तात शिरून. पोटात काही ठरतच नाही, तिथे दहीभात काय करणार.)

हा विषाणू कुत्र्यांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला १९७८ साली, आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. 'आमच्या वेळी कुठे होती इंजेक्शनं, तरी कुत्रे जगायचेच की,' असं सासूबाई म्हणत असतील तर त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी हा रोगच नव्हता. आणि दुसरा कुत्रा लाभत नाही हे त्यांचं निरीक्षणही अचूक आहे. याच तयारीने आणलात तर तिसराही लाभणार नाही.

कारण हा विषाणू पिल्लाबरोबर मरत नाही. आजारी पिल्लाच्या चिमूटभर विष्ठेतही तो बेसुमार असतो, आणि सावलीतल्या ओल्या मातीत वर्षभरसुद्धा टिकतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. तुमचं पिल्लू सहाव्या दिवशी पडलं, म्हणजे रोग ते घेऊन आलं की तुमच्याकडे लागला, हे ठरवता येत नाही. ठरवायची गरजही नाही, कारण हगवण तुमच्या पडवीत झाली. ते गोणपाट तुम्ही डोणीवर, पाण्याच्या दगडी कुंडीपाशी, धुतलं असणार. त्या डोणीचं पाणी जातं कुठे? केळीच्या नाहीतर अळवाच्या आळ्यात. बारा महिने ओलावा, बारा महिने सावली. विषाणूला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. आणि मोती? त्याला काही होत नसेल, मोठ्या कुत्र्याला बहुतेक वेळा होत नाही. पण तो त्या गोणपाटावर लोळून तेच पाय घेऊन घरभर फिरतो आहे.

तागाच्या धाग्यात शिरलेली घाण साबणाने निघत नाही. तेव्हा हे वाचून झाल्यावर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, गोणपाट उचला आणि आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घाला. त्या पिल्लाची वाटी, दोरी, चघळायला दिलेली चप्पल, सगळं त्याच वाटेने. प्लास्टिकचं असेल तर चुलीत नको, कचऱ्यात. मोतीला साबण लावून आंघोळ घाला, पाय नीट घासा.

मग पडवी. फिनाईलने हा विषाणू मरत नाही. गोमूत्राने नाही, जखमेवर लावायच्या जंतुनाशकाने नाही आणि शेणाने सारवलंत तर तो नुसता झाकला जातो. त्याला क्लोरीन लागतं. साधं लिक्विड ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत सुमारे ३३० मिली. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर असेल तर दहा लिटरला ५० ते ६० ग्रॅम कालवून वरची निवळी घ्या. मात्र डबा उघडून महिने झाले असतील तर पावडरीचा दम गेलेला असतो. यात चुकतं ते एवढंच, की लोक थेट ब्लीच ओततात. मातीशी, मळाशी गाठ पडली की ब्लीच तिथेच खर्ची पडतं. आधी साबणाने खसखसून घासा, धुवा आणि मगच ब्लीच ओता. जमीन दहा मिनिटं ओली राहू दे, मग साध्या पाण्याने धुऊन टाका. चिऱ्याची जोती असतील तर जांभ्याच्या भोकाभोकांत ब्रश घाला. संडास साफ करायचं ॲसिड याच्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. जमीन वाळेपर्यंत मोतीला दूर बांधा.

मातीच्या खळ्याला, म्हणजे अंगणाला, आणि केळीच्या आळ्याला ब्लीच लावून काही साधत नाही. तिथे ऊन आणि वेळ, दोनच औषधं. ऊन भाद्रपदात नसतं. पावसानंतर खळं नव्याने कराल तेव्हा वरची माती खरवडून लांब टाका, आणि पिल्लू जिथे फिरायचं तिथे यंदा मांडव घालू नका. आळ्याच्या बाजूला नव्या पिल्लाला जाऊच द्यायचं नाही.

आता 'इंजेक्शन दिलं होतं'. कसलं? कार्ड काढून बघा. गावात कुत्र्याचं इंजेक्शन म्हटलं की डोळ्यांपुढे रेबीजचंच येतं. रेबीजची लस पार्व्होला अडवत नाही. आणि समजा पार्व्होचीच होती, तरी एका डोसावर भरवसा ठेवता येत नाही. गायीच्या चिकातून वासराला जसं संरक्षण मिळतं तसं पिल्लालाही आईच्या चिकातून मिळतं. तेच संरक्षण लसीला शत्रू समजून निकामी करतं. ते उतरतं हळूहळू, कुणाचं आठव्या आठवड्याला, कुणाचं सोळाव्या. मधे काही दिवस असे येतात, की आईचं संरक्षण रोग अडवायला कमी पडतं, पण लस हाणून पाडायला पुरतं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांपर्यंत जावं लागतं. शेवटचा डोस चुकवला तर आधीचे दोन वाया गेल्यासारखे होऊ शकतात.

तेव्हा चतुर्थीच्या आधी नाही. पिल्लू निवडा, नाव ठेवा, पण ते आईजवळच मामेसासऱ्यांकडे राहू दे. पहिला डोस आठव्या आठवड्याला, म्हणजे चतुर्थीच्या थोडं आधी, दुसरा घट बसतील तेव्हा आणि तिसरा वसुबारसेच्या सुमारास. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, दुसऱ्या डोसाच्या वेळी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा. जंताचं औषध आत्तापासूनच. शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे थांबा आणि त्रिपुरी पौर्णिमेला पिल्लू घरी आणा. चतुर्थीआधी आणलंत तर अंगात एकच डोस असेल, म्हणजे मेमधलीच गत. वर गणपतीची गर्दी, दहा गावांच्या चपला, फटाके, आणि पिल्लाला हातातून खाली न ठेवणारी मुलं. मुलांना तिकडे वाडीवर नेऊन दाखवा.

लसीचा खर्च तुमचा, हे मामेसासऱ्यांना आधीच सांगा. पाचही पिल्लांना देता आली तर उत्तम, निदान तुमच्या पिल्लाचे डोस चुकवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही लस असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा. आणि चाकरमान्यांना सांगून मुंबईहून मागवू नका. लस दोन ते आठ अंश तापमानातच टिकते, रात्रभर रेल्वेत पिशवीत फिरलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी. मोतीलाही हीच लस द्या, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा.

तीन महिने पिल्लू तिकडे राहिलं तर तुम्हाला ओळखेल का, हा प्रश्न मनात येईलच. आठवड्यातून दोनदा जा, हातून भरवा, अंगावर घ्या. मात्र जाताना धुतलेले कपडे आणि पडवीत कधीच न वापरलेल्या चपला. मोतीला बरोबर नेऊ नका.

तुमचे प्रश्न राहिले. कुत्री आणा, नर-मादीचं सहसा लवकर जमतं, पण मग मोतीची नसबंदी पिल्लू यायच्या आधी, नाहीतर वर्षभरात पाच-सहा पिल्लांसाठी घरं शोधत फिराल. पहिली भेट पडवीत नको, बाहेर रस्त्यावर, दोघंही दोरीवर. मोती एखाददा गुरगुरला तर मधे पडू नका, तो तिला हद्द शिकवतो आहे. ताटं दोन, अंतर दहा पावलं. आणि रात्री दोघंही घरात, जोडी झाली म्हणून खळ्यात सोडलीत तर बिबट्याची सोय होईल.

राखणदाराचा नारळ ठेवलात, चांगलं केलंत. ब्लीचची बादली मात्र तुम्हालाच उचलावी लागेल.

नव्या पिल्लाला अंथरूण लागेलच, तेव्हा भाताचं रिकामं पोतं शोधायला माळ्यावर चढू नका. त्यावर उंदीर मुतलेले असतात आणि लेप्टो, म्हणजे त्या मुतातून पसरणारा ताप, काय असतो ते सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. सासूबाईंकडे एखादं जुनं लुगडं मागा. चार पदरी घडी घालून टाकलं की झालं, आणि दर आठवड्याला उकळत्या पाण्यात बुडवता येतं.