बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचा बुजलेला बोगदा शोधायचा कसा?

तुमचा प्रश्न असा: जुन्या नकाशावर बोगदा स्पष्ट दिसतो, रूळ उखडून पन्नासेक वर्षं झाली, जागेवर गेलात तर नुसता डोंगर आणि काटेरी झाडी. तोंड कुठं असेल ते कसं ठरवायचं, आणि सापडलंच तर आत जावं का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. आत जाऊ नका. का, ते पुढे येईलच.

पहिल्या भागाचं उत्तर लांब आहे. डोंगरात बोगदा शोधत हिंडलात तर पावसाळे निघून जातील. बोगद्याचा नाद सोडा, मार्ग शोधा. मार्ग अलीकडे जिथं गायब होतो आणि पलीकडे जिथं पुन्हा वर येतो, त्या दोन जागांच्या मध्ये बोगदा आहे. हे जमतं, कारण रेल्वे फार हट्टी असते. पायवाट वाटेल तशी वळते, रस्ता वळसे घेत चढतो, रेल्वेला मात्र हे दोन्ही नीट जमत नाही. साध्या रुळावर ४० ला १ म्हणजे चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढा चढसुद्धा वाफेच्या इंजिनाचा घाम काढायचा. म्हणून जमीन खाली गेली की भराव आणि वर आली की कटिंग, म्हणजे जमीन कापून काढलेली खोल वाट, असं मैलोन्‌मैल चालतं. रूळ गेले तरी ही मातीकामं सहजासहजी जात नाहीत. रानात अचानक चार-पाच मीटर रुंदीची, बेतानं चढत जाणारी सपाट पट्टी लागली, तर ती निसर्गानं केलेली असण्याची शक्यता कमीच.

ही पट्टी झाडीखालून बघायची तर लायडारसारखी दुसरी सोय नाही. विमानातून लेझरचे झोत सोडतात, त्यातले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, आणि झाडं वजा केली की उघड्या जमिनीचा उठाव समोर येतो. इंग्लंडची आणि अमेरिकेच्या बऱ्याच भागाची ही माहिती सरकारी संस्था फुकट देतात. उठावाचं चित्र संगणक एका बाजूनं उजेड पाडल्यासारखं, सावल्यांसकट दाखवतो; ते एकाच दिशेच्या उजेडात बघून थांबू नका. उजेडाला समांतर असलेलं कटिंग सावली टाकत नाही आणि डोळ्यांतून निसटतं. दिशा फिरवून तीन-चार वेळा बघा. लायडारला जमिनीच्या आतलं काही दिसत नाही, बोगदा तर नाहीच. दिसतं ते तोंडाकडे जाणारं कटिंग.

त्या कटिंगच्या खोलीकडे लक्ष ठेवा. जुन्या इंजिनिअरांचा ढोबळ हिशेब असा की कटिंग साधारण १८ ते २० मीटरपेक्षा खोल जायला लागलं की माती उपसण्यापेक्षा बोगदा काढणं स्वस्त पडतं. तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंती तेवढ्या उंचीला आल्यात आणि समोर डोंगर अजून चढतोच आहे, अशी जागा दिसली तर तोंड तिथंच आसपास. पण तोंड बुजवताना बहुतेक वेळा पुढच्या कटिंगचा काही भागही भरून टाकतात. मग लायडारवर कटिंग मधेच तुटतं आणि पुढचा उतार शेजारच्या डोंगराच्या मानानं फारच गुळगुळीत दिसतो, भिंतीवर बुजवलेलं भोक रंगानंतरही कळतं तसा.

आता अंतर. ब्रिटिश पद्धतीच्या रेल्वेच्या जुन्या कागदांत, म्हणजे चढउतारांच्या आलेखांत, मार्गाच्या आराखड्यांत, पुलांच्या नोंदवह्यांत, अंतरं बहुतेक मैल आणि चेनमध्ये असतात. एक चेन म्हणजे ६६ फूट, २०.१२ मीटर, ८० चेनचा मैल. समजा कागद म्हणतो की अमुक क्रमांकाच्या मोरीपासून बोगद्याचं तोंड ३७ चेनवर आहे, आणि ती मोरी अजून जागेवर आहे. मग मार्गाच्या वळणावरून ७४४ मीटर मोजायचे. सरळ रेषेत नव्हे, वळणावरून. ही चूक पहिल्यांदा सगळे करतात. उंचीही अशीच काढता येते. चढ ५० ला १ असेल तर किलोमीटरमागे २० मीटर. मोरीजवळच्या पट्टीची उंची नकाशावरून घ्या, चढ मिळवा, की तोंड कुठल्या समोच्चरेषेवर आहे ते कळतं. अंतराची आणि उंचीची रेघ जिथं एकमेकींना छेदतात, तिथं जाऊन काट्यांत हात घालायचा.

हे एवढं सविस्तर लिहितोय कारण हरवलेले म्हणतात त्यांतले बहुतेक बोगदे माणसांच्या आठवणीतून हरवलेले असतात, कागदातून नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं उदाहरण घ्या. अटलांटिक अव्हेन्यूच्या खाली १८४४ मध्ये रेल्वेनं साधारण अर्ध्या किलोमीटरचा बोगदा बांधला, १८६१ मध्ये तो बंद करून वर रस्ता केला, आणि पुढे तो आहे की नाही यावरच वाद सुरू झाला. १९८० च्या सुमारास बॉब डायमंड नावाच्या विशीतल्या पोराच्या कानावर ही गोष्ट आली. त्यानं कुदळ उचलली नाही. तो जुनी वर्तमानपत्रं आणि नकाशे चाळत बसला, आणि सरकारी कचेरीत त्याला एक जुना आराखडा मिळाला. त्याच्या आधारानं तो भर रस्त्यातल्या एका मॅनहोलमधून उतरला. खाली माती जवळपास छताला भिडलेली. त्या फटीतून सरपटत गेल्यावर बंद केलेली भिंत लागली, आणि मदत घेऊन ती फोडल्यावर पलीकडे अख्खा बोगदा उभा होता. रोज त्याच्यावरून हजारो गाड्या जात होत्या.

उलट टोकाची गोष्ट पोलंडमधल्या वाउब्झिखची. २०१५ मध्ये दोघांनी दावा केला की रेल्वेमार्गाजवळ पुरलेल्या बोगद्यात दुसऱ्या महायुद्धातली, सोन्यानं भरलेली जर्मन गाडी आहे. पुरावा काय, तर जमिनीत लहरी सोडून मागे येणारे प्रतिध्वनी वाचणाऱ्या रडारची चित्रं. जगभरचे पत्रकार गोळा झाले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये खोदलं, तर ना गाडी, ना बोगदा, ना रूळ. हे रडार खोटं बोलत नाही, पण ओल्या चिकणमातीत त्याची नजर मीटर-दोन मीटरवर अडते, आणि खडकातला थर, पाणी, मोठा दगड या सगळ्यांचे प्रतिध्वनी ते सारख्याच इमानानं दाखवतं. आपल्याला जे बघायचं असतं ते त्यात दिसतं. पोकळी शोधायला गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म फरक मोजण्याची पद्धत आहे, तीही चांगली. पण दोन्ही यंत्रं शेवटच्या वीस मीटरसाठी. तिथपर्यंत कागदानंच न्यायला हवं.

अर्थात कागदही फसवतो. मी एका बोगद्यासाठी दोन रविवार चुकीच्या टेकडीवर घालवले आहेत. नकाशा अस्सल होता, रेघही ठळक, बोगद्याची तुटक रेषासुद्धा नीट काढलेली. पण तो परवानगीसाठी सादर केलेला प्रस्तावित मार्ग होता. प्रत्यक्षात मार्ग दुसऱ्याच खोऱ्यातून गेला. त्या टेकडीत कुणी सुरुंगाचं भोकही पाडलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम: बांधकामापूर्वीचा एक आणि गाड्या सुरू झाल्यानंतरचा एक, असे दोन नकाशे एकमेकांवर ठेवल्याशिवाय बूट घालायचे नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे बोगदा होता हे खरं, पण आता तो कुठंच नाही. कधीकधी छत काढून टाकतात आणि त्याचं उघडं कटिंग करतात. लिव्हरपूलमध्ये लाइम स्ट्रीट स्टेशनात शिरणारी गाडी १८३६ पासून लांब बोगद्यातून यायची. १८८० च्या दशकात जास्त रूळ टाकायला त्याचा बराचसा भाग उघडा केला. असा बोगदा शोधत राहिलात तर आपण त्याच्या तळावर उभे आहोत हे शेवटपर्यंत कळणार नाही.

काही बोगदे मार्ग बंद झाला म्हणून सुटत नाहीत, मार्ग सरकला म्हणून सुटतात, आणि हे शोधायला त्यातल्या त्यात सोपे. चढ कमी करायला किंवा दुहेरी मार्ग करायला रेल्वे शेजारून नवी वाट काढते आणि जुनी तशीच सोडते. भोर घाटात गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ च्या सुमारास टळलं ते असंच. ऑस्ट्रेलियात हेलेन्सबर्गजवळचे १८८० च्या दशकातले एकेरी बोगदेही असेच मागे राहिले. त्यांतल्या एकात आता ग्लो-वर्म चमकतात. (काजवे नव्हेत हे, चिलटासारख्या माशीच्या अळ्या.) अशा ठिकाणी चालू मार्गाच्या दोन्ही अंगांना पाच-सातशे मीटर बघितलं तरी पुरतं. जपानमध्ये जुन्या चुओ मार्गावरचे, १९६६ मध्ये सोडून दिलेले बोगदे गावकऱ्यांनी असेच झाडोऱ्यातून बाहेर काढले, आणि आता वर्षातून काही दिवस ते लोकांना चालायला उघडतात.

जागेवर गेल्यावर काय बघायचं? पहिलं पाणी. बोगद्याला निचऱ्याची नाली असतेच, आणि तोंड बुजवलं तरी पाण्याला वाट द्यावी लागते, नाहीतर भराव फुगून सुटतो. म्हणून ऐन कोरड्या दिवसांत एखाद्या उताराच्या पायथ्याशी पाइपातून किंवा दगडी मोरीतून बारीक, गार, तांबूस धार वाहत असेल तर मी तिथं बसून चहा पितो आणि नकाशा पुन्हा उघडतो. दुसरं, खडी. रुळाखालची खडी फोडलेली, टोकदार असते आणि अनेकदा आसपासच्या दगडापेक्षा वेगळ्या रंगाची. तिसरं, तोंडावरची भिंत: घडीव दगड, वरच्या कठड्याची एखादी ओळ मातीबाहेर डोकावते. थंडीत भरावाच्या फटीतून उबदार हवा येऊन तिथं धुकं धरतं. बोगद्याच्या आतलं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्याच फटीशी गार झुळूक लागते.

मग डोंगराच्या माथ्यावर चढा. लांब बोगदे बहुतेक वेळा नुसत्या दोन टोकांकडून खणत नाहीत. वरून विहिरीसारखे शाफ्ट उतरवतात आणि प्रत्येक शाफ्टच्या तळापासून दोन्ही दिशांनी खणत जातात. काही शाफ्ट पुढे धूर जायला ठेवतात, त्यांवर विटांचे बुटके मनोरे असतात. बाकीचे बुजवतात. पण उपसलेला दगड तिथंच टाकलेला असतो. माथ्यावर एका ओळीत, ठरावीक अंतरानं ढिगारे दिसले तर ती ओळ म्हणजेच तुमच्या पायाखालचा बोगदा. दोन्ही तोंडं मातीखाली असली तरी ही ओळ बोलते.

आणि इथंच सर्वांत जास्त जपायचं. २८ एप्रिल १९५३ ला इंग्लंडमध्ये स्विंटन इथं क्लिफ्टन हॉल बोगद्याचं छत कोसळलं. बांधकामाच्या वेळचा एक शाफ्ट सुमारे शंभर वर्षांपूर्वी बुजवलेला होता, आणि त्यावर घरं उभी राहिली होती. शाफ्टमधला भराव खाली धसला, दोन घरं आत गेली आणि पाच माणसं दगावली. तो बोगदा तर तेव्हा वापरातला होता, देखभालीतला. ढिगाऱ्यांच्या मधल्या खोलगट, गवताळ, बशीसारख्या जागेवर पाय ठेवायचा नाही, एवढं त्यातून घ्या. फोटो लांबून.

आत न जाण्याची कारणंही याच जातीची. बंद बोगद्यात हवा खेळत नाही; ऑक्सिजन कमी झालेल्या हवेला वास नसतो आणि माणूस चक्कर आल्याचं कळायच्या आत पडतो. विटांचं अस्तर पाण्यानं सुटत असतं. शिवाय सोडलेला वाटणारा बोगदा कुणाचा तरी असतो. इंग्लंडमधल्या वुडहेडच्या जुन्या बोगद्यात १९६० च्या दशकात उच्च दाबाच्या वीजतारा टाकल्या होत्या. आत वटवाघळं असली तर बऱ्याच देशांत त्यांना नुसतं उठवणंही गुन्हा ठरतो. तोंड सापडलं की बाहेर थांबा, जागेचे अक्षांश-रेखांश घ्या, मालक कोण ते जमिनीच्या नोंदीत बघा आणि त्याला लिहा. रीतसर मागितलं तर तपासणीच्या वेळी सोबत नेणारे भले लोक भेटतात. मला एकदा भेटले, हेल्मेट आणि गॅसमापक देऊन.

तुम्ही नकाशाचं साल लिहिलेलं नाही. खालच्या कोपऱ्यात बघा, तिथं बहुधा दोन सालं असतील, एक सर्वेक्षणाचं आणि एक छपाईचं. मार्गावर पहिली गाडी धावली ते साल काढा आणि सर्वेक्षणाचं साल त्याच्या आधीचं आहे की नंतरचं ते ताडून पाहा. आधीचं निघालं तर डोंगराकडे पुन्हा जायच्या आधी दुसरा नकाशा मिळवा.