कृष्णविवराच्या अभ्यासाची सुरुवात

कृष्णविवर आजूबाजूचे सारे ओढून घेते, ही समजूत आधी मनातून काढून टाका. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तरी पृथ्वीची कक्षा तसूभरही बदलणार नाही. फरक पडेल तो अगदी जवळ, कारण त्याच्या घटना क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही त्या सीमेची, त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर असेल. मुक्तिवेग, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा वेग, प्रकाशवेगाइतका मानून न्यूटनच्या सूत्राने हा आकडा स्वतः काढा आणि मगच आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सामान्य सापेक्षता सिद्धांताकडे वळा. घाई केल्यास वक्र अवकाशकाल, म्हणजे वस्तुमानामुळे वाकलेले अवकाश आणि काळ, हे नुसते शब्द उरतात, याची मला मनापासून काळजी वाटते. जूनच्या मध्यास आभाळ मोकळे असेल, तर नागपूरच्या दिव्यांपासून दूर, रामटेककडे जा. मध्यरात्री दक्षिणेला सुमारे ४० अंशांवर धनू राशीचा जो भाग दिसेल, तिथे सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर ४० लाख सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कक्षांवरून ते वस्तुमान मोजले गेले.