जुन्या कंबरदुखीवर औषधाशिवाय इलेक्ट्रोमॅग्नेटिक थेरपी खरंच चालते का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरने 'विना औषध, विना ऑपरेशन' असं सांगून २० सेशनचं पॅकेज गळ्यात मारायचं चालवलंय, चार वर्षांची कंबर आहे, पैसे भरावेत का.

मी डॉक्टर नाही, वाइंडर आहे. वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या, त्यातच कंबर गेली आणि मग पैसे देऊन एका कॉइलमध्येच जाऊन झोपलो. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं मी समजतो. आमचे साडूभाऊ तसं समजत नाहीत, ते पुढे येईलच.

२०१९च्या पावसाळ्यात साडेसात एचपीच्या मोटरचा स्टेटर, म्हणजे बाहेरचा न फिरणारा जड भाग, बेंचवर चढवताना कंबरेत कट्‌ असा आवाज आला. त्यानंतर अडीच वर्षं गोळ्या, मग गोळ्यांची ॲसिडिटी, मग ॲसिडिटीच्या गोळ्या. एमआरआयमध्ये एल फोर-एल फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमधल्या चकतीला, बल्ज (फुगवटा) निघाला आणि घरात सुतकच लागलं. नंतर कळलं की काही म्हणजे काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीच्या लोकांचे एमआरआय काढले तर १०० पैकी साधारण ६० जणांत बल्ज सापडतो. हे रिपोर्ट हातात देताना कोणी सांगत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा. व्यायाम कोण करतो.

मग २०२२ला हीच थेरपी घ्यायला पाचपाखाडीत एका ठिकाणी गेलो. बेड, त्यावर पुढेमागे सरकणारी मोठी गोल रिंग, एसी फुल्ल, अर्धा तास पडून राहायचं, ६०० रुपये. काहीच जाणवत नाही, ना झिणझिण्या ना शेक. तिथली मुलगी म्हणाली, "काका, रिलॅक्स, पेशी चार्ज होतायत." मी विचारलं किती हर्ट्झ, किती गॉस, म्हणजे सेकंदाला किती ठोके आणि चुंबकाचा जोर किती? ती म्हणाली, "लेव्हल थ्रीवर आहे." आता आयुष्य कॉइलचे टर्न (वेढे) मोजण्यात गेलेल्या माणसाला लेव्हल थ्री सांगून कसं चालेल.

तिसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत जुन्या कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल आणि व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊन गेलो. ती बाहेर गेल्यावर कॉइल पोटावर उभी धरली, मीटर एसी व्होल्टवर लावला. रिंग गुडघ्यापाशी होती तोवर शून्य. मग घूं करत वर यायला लागली तसा आकडा चढला, बेंबीवर आली तेव्हा पाऊण व्होल्टच्या आसपास नाचत होता, छातीकडे गेली की परत खाली. माझ्या पोटावर ट्रान्सफॉर्मर चालू होता हो! करंट देणारी प्रायमरी कॉइल तिची, घेणारी सेकंडरी माझी. मला इतका आनंद झाला की कंबर विसरलो. तेवढ्यात मुलगी आत आली, मग मॅडम आल्या, धातूची वस्तू आत आणायची नाही म्हणून दम मिळाला. बरोबरच होतं त्यांचं.

तर यंत्र खोटं नाही. तांब्याच्या कॉइलमधून करंटचे ठोके जातात, चुंबकीय क्षेत्र क्षणाक्षणाला बदलतं आणि बदलणारं क्षेत्र शरीरात अगदी बारीक करंट निर्माण करतं. फॅरेडेचा नियम, आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असतो. न जुळणारी हाडं जुळवायला अशी यंत्रं अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, १९७९मध्येच मान्य केली. पण हाड वेगळं आणि कंबर वेगळी. कंबरदुखीवरचे अभ्यास छोटे आहेत, काहींत फरक दिसला काहींत नाही, त्यामुळे 'मुळापासून बरं' म्हणणारा माणूस थाप मारतोय.

आणि कृपा करून याची चुंबकाच्या गादीशी गल्लत करू नका. आमचे साडूभाऊ त्या गाद्या विकायचे, साखळीवाला धंदा, तुम्ही तीन मेंबर करा ते नऊ करतील. मेहुणीच्या भिडेने हिने एक घेतली माझ्यासाठी. पाचपाखाडीच्या प्रयोगानंतर मी तीच कॉइल गादीवर ठेवली आणि साडूभाऊंना बोलावून दाखवलं, शून्य. चुंबक जागचा हलत नाही तर करंट येणार कुठून? कॉइल सर्रकन ओढली तर आकडा जरासा हलला. त्यावर साडूभाऊ म्हणतात, मग मी रात्रभर कुशी बदलत झोपतो! पुढे म्हणे रक्तातलं लोह खेचलं जातं, रक्त शुद्ध होतं. अहो, रक्तातलं लोह खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असतं तर १.५ टेस्लाच्या, म्हणजे १५,००० गॉसच्या, एमआरआयमधून आपण जिवंत बाहेर आलो असतो का?

फरक पडला का म्हणाल तर पडला. आठव्या-नवव्या दिवसापासून उभ्याने बूट घालता यायला लागले. पण त्याच महिन्यात शेठने मला बेंचवरून काढून टेस्टिंगला बसवलं, उचलणं बंद झालं, आणि नौपाड्यातून पाचपाखाडीला रिक्षावाले जवळचं भाडं नाही म्हणायचे म्हणून मी रोज जाऊन येऊन चाळीस मिनिटं चालत होतो. आता तलावपाळीला तीन फेऱ्या असतातच. मला वाटतं यंत्राने दुखणं थोडं दाबलं म्हणून चालता आलं आणि चालल्याने कंबर सुटली. बायको म्हणते नुसत्या चालण्याने. तिचं बरोबर असेलही, पण १४ सेशनचे ८४०० रुपये भरल्यावर माणूस असं लगेच कबूल करत नाही.

तुम्ही २० चं पॅकेज घेऊ नका, एकेक सेशनचे पैसे द्या, सहा-सातमध्ये काही वाटलं नाही तर सोडा. हर्ट्झ आणि गॉस विचारा. रक्त शुद्ध होतं म्हणाले तर चप्पल घालून निघा. आणि सोबत कंबरपट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), टेन्स (कातडीवर विजेचे बारीक झटके), अल्ट्रासाऊंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार) फ्री देतो म्हणाले तर भुलू नका, जुन्या कंबरदुखीत हे चारही नेहमीच्या उपचारात नको असं डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय. व्यायाम मात्र त्यांनीही सांगितलाय, म्हणजे आमचे डॉक्टर बरोबर होते.

हां, आधी लिहायला हवं होतं ते राहिलं. लघवी-संडासवरचा ताबा जातोय, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतंय, पाऊल उचलत नाही, तर थेरपी बिरपी काही नाही, सरळ हॉस्पिटल गाठा, त्याच दिवशी. गरोदर असाल तर हे घेऊ नका. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्याला या रिंगमध्ये झोपवू नका, चुंबकाच्या गादीवर तर अजिबात नाही.

कारण २०२३च्या गणपतीत साडूभाऊ सासऱ्यांसाठी गादी घेऊन आले होते आणि सासऱ्यांना पेसमेकर आहे. चुंबक अगदी जवळ आला की बहुतेक पेसमेकर हृदयाचं ऐकणं सोडून ठरलेल्या वेगाने ठोके देत बसतात, डॉक्टर तपासणीला मुद्दाम चुंबक ठेवून तेच करतात. पालथं किंवा कुशीवर झोपलं की गादी छातीलाच की. मी सांगितलं, साडूभाऊ म्हणाले, "तू मोटरवाला, तुला हार्टचं काय कळतं?" मग मी सासऱ्यांच्या फाइलमधली पेसमेकरची पुस्तिका काढून पंधरा माणसांसमोर मोठ्याने वाचली, चुंबक १५ सेंटिमीटर लांब ठेवा. आरती व्हायची होती अजून. मोदक कुणी धड खाल्ले नाहीत.

पंधरा माणसांसमोर करायला नको होतं हे मान्य. गादीचं म्हणाल तर उद्याही हेच वाचेन. त्या दिवसापासून साडूभाऊ माझ्याशी बोलत नाहीत, पण नातेवाइकांत सांगतात की माझी कंबर त्यांच्या गादीने सुटली.

ती गादी माळ्यावर आहे. गुंडाळली की आतले चुंबक एकमेकांना धरतात, उलगडायला दोन माणसं लागतात. ज्यांना श्रेय हवंय त्यांनी येऊन घेऊन जावी, खाली उतरवायला मात्र सोबत कुणाला तरी आणा, मी वजन उचलत नाही.