चंद्र आणि गुरू टिपताना

भावा, पौर्णिमेच्या मागं लागू नको. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, चंद्र सपाट येतो. शुक्ल अष्टमीला धर. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा अशा उठून दिसतात की बघत राहावं! कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचं छिद्र) ८, शटर १/१२५ सेकंदापासून सुरू कर. टायमर लाव, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही.

गुरूचं एका फोटोवर भागत नाही. दुर्बिणीतून २ मिनिटांचा व्हिडिओ घे, चांगल्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये एकावर एक रच. लांबवू नको, गुरू १० तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, पट्टे पुसट होतात. गुरूसाठी अंधार शोधत पन्हाळाच गाठायला पाहिजे असं नाही. कोल्हापुरातल्या दिव्यांनी ग्रहांचं फारसं बिघडत नाही, बिघडतं ते तापलेल्या स्लॅबनं. तो रात्रीही धग सोडत असतो, त्यानं हवा थरथरते नि चित्र हलतं, म्हणून स्टँड अंगणातल्या मातीवर उभा कर.