टीम लीड झालास? आधी माणसं ओळख

पहिला महिना स्वतःची पद्धत लादू नकोस. आपणहून कोण सुचवतं आणि सांगेपर्यंत कोण थांबतं, एवढं नीट बघ. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिझ्झा दुकानांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. कर्मचारी सांगेल तेवढंच करणारे असतील, तिथे बोलक्या मॅनेजरच्या दुकानाला नफा जास्त होता. कर्मचारी पुढाकार घेणारे असले की चित्र उलटं, तिथे शांत मॅनेजर सरस ठरला, कारण तो ऐकून घेतो.

तू बोलका आहेस, म्हणून हे कळकळीने सांगतोय. तुझ्या टीममध्ये धडपडी पोरं जास्त आहेत. मीटिंगमध्ये तुझं मत शेवटी सांग. अबोल माणसाला विषय आदल्या दिवशीच कळव.