पेरूतले वैदू आणि त्यांचे काढे

पेरूला चाललायस, तर कुरांदेरो म्हणजे तिथले वैदू भेटणारच. एखादा जिवंत गिनीपिग तुझ्या अंगावरून फिरवेल, मग तो फाडून त्याच्या आतड्यांत तुझं दुखणं शोधेल. बघवणार नसेल तर आधीच नको म्हण. अंडं ओवाळणारेही असतात. ते खुशाल करून घे, मजा येते.

आयावास्काची, म्हणजे भास घडवणाऱ्या त्यांच्या काढ्याची, मात्र थट्टा नको. त्या कडूजहर काढ्यातली वेल शरीरातलं एमएओ एन्झाइम रोखते; हे एन्झाइम सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन मोडतं. नैराश्यावरची फ्लुओक्सेटीनसारखी, सेरोटोनिन वाढवणारी गोळी चालू असेल, तर ते जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. गोळी आदल्या दिवशी सोडून भागत नाही, फ्लुओक्सेटीनचा अंश तर कित्येक आठवडे अंगात राहतो. आणि डॉक्टरांना न विचारता सोडूही नकोस. औषधांची चौकशी न करता पेला पुढे करणारा दिसला, की सरळ उठून ये.