तिची गोष्ट ट्रकपासून सुरू करू नका

प्रश्न : ताई, मी दर रविवारी प्राण्यांच्या एका आश्रमात मदतीला जाते. गेल्या महिन्यात आमची म्हातारी मेंढी गेली, ढमी. कत्तलखान्याकडे निघालेल्या ट्रकमधून आलेली, त्यानंतर ११ वर्षं आमच्यात होती. मी गेले की आधी माझ्या सॅकची चेन दाताने ओढायची, खाऊ नसला तर पाय आपटायची, असो. आता तिच्यासाठी बोर्ड लावायचाय आणि मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. लिहिते, खोडते, आणि वाचून बघितलं की वाटतं हे कुठल्याही मेंढीला चालेल. घरचे म्हणतात मेंढीसाठी कसलं एवढं रडतेस. आणि तिची जोडीदारीण अजून गेटपाशीच उभी असते, धड खात नाही. तिला ढमी आठवत असेल का हो?

उत्तर : आधी जोडीदारणीचं, कारण ते थांबणारं नाही. मेंढीने चारा टाकला, रवंथ थांबलं तर ते फक्त दुःख असेल असं धरून बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा, दुखणं असलं तर मेंढी ते फार उशिरापर्यंत लपवते. आणि तिला एकटी ठेवू नका, कळपातला जीव आहे तो. आठवणीचं म्हणाल तर केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेतले शास्त्रज्ञ कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की मेंढ्या ५० मेंढ्यांचे चेहरे २ वर्षांहून जास्त लक्षात ठेवतात, मग ११ वर्षांची सोबतीण एका महिन्यात कशी विसरेल? पुढे कधी अशी वेळ आली तर सोबतच्यांना शेवटचं जवळ जाऊन हुंगू द्या, मग न्या. आपण घाईघाईने नेतो आणि ते बिचारे गेटकडे बघत बसतात.

आता बोर्ड. सगळे तिथेच चुकतात, मीही चुकलेय. 'कत्तलखान्यातून वाचवलेली' अशी सुरुवात करतो आणि मग पुढे लिहायला जागाच उरत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये फार्म सँक्च्युअरी या प्राण्यांच्या आश्रमवाल्यांना एका गुरांच्या बाजाराजवळ मेलेल्या जनावरांच्या ढिगात जिवंत मेंढी सापडली, हिल्डा. त्यानंतर ती १० वर्षांहून जास्त जगली, पण मी जिथे जिथे तिच्याबद्दल वाचलं तिथे पहिला येतो तो ढीग. ट्रक हा ढमीच्या आयुष्यातला एक दिवस, तोही दुसऱ्यांनी तिच्यावर आणलेला. उरलेली ११ वर्षं तिची स्वतःची होती ना?

आमच्याकडे एक पांढरी ब्रॉयलर कोंबडी होती. त्या जातीला साधारण ६ आठवड्यांत कापतात, त्यामुळे शरीर भराभर वाढेल अशीच पैदास केलेली असते, पुढे जगली तर हृदय नाहीतर पाय दगा देतात. ती दीड वर्षाची होऊन गेली. मी तिच्यावर भलामोठा मजकूर लिहिला, क्रूरता, करुणा सगळं घातलं, आणि गोठा झाडणाऱ्या मावशी वाचून म्हणाल्या, हे छान आहे पण ती दुपारी माझ्या चपलेवर बसून झोपायची ते कुठंय? सगळं खोडलं आणि चपलेचं ठेवलं.

तेव्हा जे रोज शेण काढतात, पाणी भरतात त्यांना विचारा, या आठवड्यातच, मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, कारण अशा गोष्टी पटकन पुसट होतात. फोटो आजारपणातला नको. कातरणीची लोकर कुठे पडली असेल तर आठवण म्हणून एक बट कोमट पाण्यात अलगद बुडवून वाळवा, चोळलीत तर गुंतून नमदा होईल.

घरच्यांना समजावत बसू नका, एका रविवारी घेऊन जा.

आणि मजकूर तर तुम्ही प्रश्नातच लिहिलाय, त्यापुढे 'असो' म्हणून सोडून दिलात. सॅकची चेन, पाय आपटणं. 'असो' तेवढं काढा. बोर्ड पातळ फळीचा करू नका, मेंढ्या अंग घासून पाडतील, दगडावरच कोरून घ्या.